लतीफ मास्टर धनुष्य निवडतात

लतीफ मास्टरांकडे पँट शिवायला टाकली की ते आधी कंबर मोजायचे, मग लांबी, मग मांडी, आणि मग म्हणायचे, "आता दोन्ही हात पसरा." पँटीला हात कशाला पसरायचे, असं पहिल्यांदा मी विचारलं होतं. "पसरा तर," एवढंच उत्तर मिळालं. मग मास्टर डाव्या हाताच्या मधल्या बोटापासून उजव्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत टेप न्यायचे. टेलरची टेप साठ इंचाला संपते आणि माणूस त्याच्या पुढं थोडा उरतो. तेवढा भाग ते अंगठ्यानं धरून पुन्हा मोजायचे, बेरीज करायचे, अडीचनं भागायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचे, "कदमसर, तुमची ओढ सव्वीस इंच. डुकराला पुरून उरती."

ओढ म्हणजे धनुष्याची दोरी आपण किती मागं ओढू शकतो ते माप. आमच्या इतवारा भागातल्या निम्म्या लोकांची ओढ मास्टरांच्या मापाच्या वहीत लिहिलेली होती. पोस्टमनची होती, दोन वकिलांची होती, मौलवीसाहेबांची होती, आणि माझ्या मेव्हण्याची होती. मेव्हणा नांदेडला फक्त एका लग्नासाठी आला होता आणि पायजम्याची नाडी घालून घ्यायला दुकानात गेला होता.

सांगायचं म्हणजे, लतीफ मास्टरांना शिकारीचं धनुष्य घ्यायचं होतं. तेही साधं नाही, चाकांचं. कंपाउंड म्हणतात त्याला. त्याच्या दोन्ही टोकांना दोन चाकं असतात आणि त्यांच्यावरून दोऱ्या फिरवलेल्या असतात. ओढायला लागलं की आधी जीव निघतो, पण दोरी शेवटाला आली की चाकं फिरतात आणि भार एकदम हलका होतो. मग नेम धरून निवांत उभं राहता येतं. हे सांगताना मास्टरांचा चेहरा असा काही उजळायचा की बोलायची सोय नाही. म्हणायचे, "बघा सर, आधी तकलीफ, मग आराम. आपल्या जिंदगीत नेमकं उलटं करून ठेवलंय."

तीन वर्षं ते निवडत होते. मोबाइलवर फोटो काढून दाखवायचे आणि माझं मत विचारायचे आणि मी मत दिलं की ते खोडून काढायचे. एकाचा रंग लई हिरवा, डुक्कर हसंल. एकाची मूठ घामेजल्या हातातून सटकंल. एकाचा ओढायचा भार पन्नास पौंड, ते ओढता ओढता माणूस दवाखान्यात जाईल. एक तीस पौंडाचं, त्यानं डुकराला नुसत्या गुदगुल्या होतील. पुण्याच्या एका दुकानदाराला त्यांनी इतके फोन केले की शेवटी त्या बिचाऱ्यानं "आम्ही आता फक्त कॅरम विकतो" असं सांगून टाकलं. मास्टरांनी त्यावर विचारलं, "मग जुनं शिल्लक असंल की एखादं?"

मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. एकतीस वर्षं मी पोरांच्या हातातल्या मोजपट्ट्या बघितल्या आणि चुकीचं रीडिंग लिहिलं म्हणून त्यांना झापलं. मला असल्या घोळाची चीड येते. मी म्हणायचो, "मास्टर, घ्या नाहीतर सोडून द्या. काय लावलंय हे?" त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "घाई कशाला करून राहिले? मी निवडून राहिलो." जेवलात का विचारलं तरी हेच सांगतील अशी मला धास्ती वाटायची.

एकदा जंगल खात्यातला एक गार्ड खाकी पँटचं कापड घेऊन आला. मास्टरांनी त्याची कंबर मोजली, हात पसरायला लावले, आणि भर दुकानात विचारलं, "साहेब, डुकराला किती पौंड लागतात?"

गार्ड हात पसरलेल्या अवस्थेतच दचकला. "कशाला?"

"शिकारीला."

"मास्टर, शिकार केली तर आत टाकीन. परवानगी लागते त्याला."

"मी कुठं शिकार करून राहिलो? मी निवडून राहिलो. निवडायला काय कायदा हाय का?"

गार्ड बराच वेळ विचारात पडला. तसा कायदा त्याच्या ऐकण्यात नव्हता. जाताना तो एवढंच म्हणाला की पँट जरा सैल ठेवा.

आणि ह्या शिकाऱ्यानं आयुष्यात डास सोडून काही मारलेलं नव्हतं. बटणांच्या डब्यात उंदरीण व्याली, तर ह्यांनी पिल्लं मोठी होईपर्यंत गिऱ्हाइकांना दोन महिने बिनबटणाचे सदरे दिले. शिकारीची सगळी माहिती त्यांना कोटांवरून होती. त्यांचे अब्बा जहागीरदार मंडळींचे शिकारीचे कोट शिवायचे. काडतुसाचा खिसा कुठं, सुरीचा कुठं, पानाच्या डबीचा कुठं, हे अब्बांनी शिकवलेलं. तसला एक अकरा खिशांचा कोट मास्टरांनी स्वतःला शिवला होता. एका खिशात चष्मा आणि एकात बडीशेप. बाकीचे नऊ रिकामे.

आता इतकं सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, आणि मी नेतही होतो. धनुष्य कुणासाठी चाललंय हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

मास्टरांचा एक दोस्त होता, दत्तराव. इस्लापूरच्या पुढं जंगलाला लागून त्यांचं शेत. मका लावली की रानडुकरं यायची आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे नांगरल्यासारखे करून टाकायची. दत्तराव शेतातल्या माळ्यावर बसून गोफणीनं त्यांना हाकलायचे. उजव्या हाताचा नेम असा की पंचक्रोशीत नाव होतं. दरवर्षी मका भरायला आली की मास्टर दुकान बंद करून, तो अकरा खिशांचा कोट घालून, त्यांच्याशेजारी माळ्यावर जाऊन बसायचे. काम काही नाही. नुसते बसायचे आणि डुक्कर आलं की दत्तरावांच्या आधी ओरडायचे. तिथंच कधीतरी मोबाइलवर दोघांनी चाकांचं धनुष्य पाहिलं आणि ठरवलं, घ्यायचं. परवानगी मिळंल तवा मिळंल, धनुष्य तर तयार पाहिजे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दत्तरावांना लकवा मारला. नेमका उजवा हात गेला. डॉक्टरांनी सांगितलं, हात रोज ताणा, नाहीतर आखडून बसेल. पण गोफणीचा हात गेलेला माणूस कशाला ताणतोय? भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. जेवण बंद, बोलणं बंद. सुनेनं मास्टरांना फोन केला. मास्टर गेले, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, "दत्ता, ऊठ. धनुष्याचं माप दे."

तेव्हापासून दर महिन्याला माप. टेलरचा नियमच आहे, माप पक्कं झाल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. दत्तरावांचा हात रोजच्या व्यायामानं सरळ होईल, माप वाढेल, मग धनुष्य घेऊ, असं मास्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. धनुष्य निवडून झालं असतं तर माप घ्यायचं कारण संपलं असतं, आणि माप संपलं असतं तर दत्तराव पुन्हा भिंतीकडं वळले असते. म्हणून रंग लई हिरवा आणि मूठ सटकणारी. आणि मी इकडं लॅबवाला शहाणा, घ्या नाहीतर सोडून द्या म्हणत बसलेला.

हे मला कळलं ते मास्टरांच्या मोतीबिंदूमुळं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले एकट्यानं प्रवास नको. मी रिटायर झालेलो. दिवसभर घरात बसून बायकोच्या डाळीत किती पाणी पडलं ते सांगायचो. ती म्हणाली, "जा त्यांच्यासंगं. दोघांनाही हवा लागेल." सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. मास्टरांनी हा सगळा मामला गाडीत सांगितला, खिडकीबाहेर बघत, कुणा तिसऱ्याचीच गोष्ट असल्यासारखा.

दत्तराव ओसरीत बाजेवर बसले होते. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, दाढी वाढलेली. मास्टरांना बघून म्हणाले, "आला का रे कापडं फाडत?"

"हौ. तू मेला न्हाईस अजून?"

"तू धनुष्य आणल्याबिगर कसा मरू? डुकरं नाव ठिवतील."

सुनेनं चहा आणला. मास्टरांनी नव्या फोटोंची माहिती दिली, दत्तरावांनी प्रत्येकात खोट काढली, दोघं कडाकडा भांडले. चार माणसं जमतील इतका आवाज. सून मला हळूच म्हणाली, "महिनाभरात आज पहिल्यांदा बोलले बघा एवढं."

मग माप. मास्टरांनी टेपचं सुरुवातीचं टोक माझ्या हातात दिलं आणि दत्तरावांच्या डाव्या बोटाशी धरायला लावलं. स्वतः उजव्या बाजूला गेले. दत्तरावांनी हात पसरले. डावा सरळ झाला. उजवा उचलताना त्यांच्या कपाळावर घाम आला, पण कोपर काही उघडेना आणि बोटं आत वळलेली. टेप साठाला संपली. तिच्या पुढं उरली होती जेमतेम दोन बोटं जागा. मास्टरांनी अंगठा धरला, टेप पुढं घेतली, मोजल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "साठ... आन् वर पाच. पासष्ट! मागल्या टायमाला साडेचौसष्ट व्हतं. अर्धा इंच वाढला, दत्ता!"

बासष्ट होतं. फार तर बासष्ट. माझं तोंड सवयीनं उघडलं. मास्टरांनी माझ्याकडं पाहिलं. गिऱ्हाईक कलेक्टर असो की हमाल, पोट अडतीस असेल तर तोंडावर अडतीस सांगणारा हा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत एवढी विनवणी होती की मला बघवेना. मी तोंड मिटलं. वहीत पासष्ट लिहिलं गेलं.

दुपारी मास्टर विहिरीकडं नमाज पढायला गेले. ओसरीत आम्ही दोघंच. दत्तराव म्हणाले, "सर, किती भरलं व्हतं?"

मी म्हणालो, "पासष्ट सांगितलं ना मास्टरांनी."

"त्याचं सोडा. तुम्ही मास्तर माणूस हाव. बासष्ट?"

मी मान हलवली.

"मला ठाऊक हाय. टेपच्या टोकाला पितळ असतं बघा. पहिल्या पहिल्या मापाला हात जरा सरळ व्हायचा तवा ते पितळ मनगटाला लागायचं. मग तळहाताला लागाय लागलं. आज बोटाच्या पेराला लागलं. हात मेला तरी थंड-गरम कळतं मला. चाळीस वर्षं माप देऊन राहिलो त्याच्याकडं, मला कळत न्हाई व्हय?"

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगितलं तर त्यो यायचा कशाला?" दत्तराव माझ्याकडं बघून हसले. ओढलेल्या तोंडानं अर्धंच हसू आलं. "घरी कोण हाय त्याचं? बायको गेली. पोरगी लातूरला, पोरगं हैदराबादला. चांगली हायेत लेकरं, पण लांब हायेत. दुकानात दिवसाला दोन माणसं येत न्हाईत; सगळे तयार कपडे घेऊन राहिले. त्याला वाटतं त्यो मला जगवून राहिला. वाटू द्या की. मी आपला महिन्याला एकदा हात पसरतो."

मी चहाचा रिकामा कप उचलून पुन्हा तिथंच ठेवला.

"एक काम करा सर," ते म्हणाले. "माझं काई खरं न्हाई. मी गेलो की हा दुसऱ्या दिवशी कोणचंबी एक धनुष्य निवडंल आन् मोकळा व्हईल. असा मोकळा झालेला माणूस लई दिवस ऱ्हात न्हाई. तुम्ही त्याला निवडू देऊ नका. कायबी खोट काढा. तुम्हाला खोट काढायची सवय हाय, असं मास्टर सांगत व्हता."

मी हो म्हणालो. असल्या गोष्टीला माणूस दुसरं काय म्हणणार?

परतीच्या गाडीत मास्टर खुशीत होते. खिशातली बडीशेप मला दिली. म्हणाले, "अर्धा इंच, सर. तुम्ही तर टोक धरून व्हता. बघितला ना?"

"बघितला," मी म्हणालो. "अर्ध्याहून थोडा जास्तच असेल."

मास्टर माझ्याकडं बघतच राहिले. मग खिडकीकडं तोंड करून बसले आणि मुदखेड येईपर्यंत वळले नाहीत.

त्यानंतर तीनदा माप झालं. थंडीत दत्तरावांना दुसरा झटका आला आणि ते गेले. मी तेव्हा लातूरला पुतणीच्या साखरपुड्याला होतो. फोन आला तेव्हा पंगत बसली होती. पानावर बसलेलो तसाच उठलो, पण उठून जाणार कुठं? इस्लापूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. मास्टर एकटेच गेले. तिसऱ्या दिवसापर्यंत तिथंच राहिले असं सुनेकडून कळलं.

नांदेडला उतरलो तो ऑटो करून सरळ दुकानातच गेलो. दुकान झाडून लख्ख केलेलं. टेबलावर एक चिंधी नाही. मशीनवर कापड टाकलेलं. मास्टर स्टुलावर बसले होते आणि गळ्यात टेप नव्हती. तेवीस वर्षांत मी त्यांना टेपशिवाय पाहिलं नव्हतं. नागडा माणूस बघितल्यासारखं मला कसंसंच झालं.

"या सर," ते म्हणाले. मोबाइल माझ्यापुढं धरला. "निवडलं. हे काळं. झालं एकदाचं काम."

मी फोटो पाहिला. चांगलं दिसत होतं धनुष्य.

"दुकान बी देऊन टाकतो म्हणतोय," मास्टर म्हणाले. "पोरगं हैदराबादला ये म्हणून राहिलं. तिथं काय, दोन टायम जेवायचं आन् पडून ऱ्हायचं. मशीन कुणाला पाहिजे असंल तर सांगा."

हे सगळं ते अगदी शांतपणे बोलत होते. तीन वर्षं मी ह्या माणसाला एकदाचं निवडून टाका म्हणून टोचत होतो. आता त्यांनी निवडलं होतं आणि मला भीती वाटत होती, खरीखुरी भीती. मी चष्मा लावला. फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"मास्टर," मी म्हणालो, "ह्याची चाकं लहान वाटतात."

मास्टरांनी मोबाइल परत घ्यायला हात पुढं केला.

"आणि काळा रंग उन्हात तापेल. हाताला चटका बसायचा. मूठही फार गुळगुळीत दिसतेय. नाही, हे काही बरोबर नाही. घाई केलीत तुम्ही."

ते माझ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "सर, तुम्हाला चाकातलं काय कळतं? हे तुमचं बोलणं न्हाई."

मी खाली बघितलं.

"दत्तानं सांगितलं?"

खोटं बोलायला सुचलं नाही. एकतीस वर्षं खरं रीडिंग लिहायची सवय. "हो," मी म्हणालो. "त्यांनीच सांगितलं."

"म्हंजे त्याला ठाऊक व्हतं? मापाचं?"

"पहिल्यापासून. टेपचं पितळ बोटाला लागायचं म्हणाले. तुम्ही येत राहावं म्हणून बोलले नाहीत."

मास्टरांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. लतीफ मास्टरांना रडताना मी पहिल्यांदा पाहत होतो. म्हाताऱ्या माणसाचं रडणं वाईट असतं. आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मधेच ते हसलेही. "लबाड साला," म्हणाले. "मी समजून राहिलो व्हतो, मी त्याला फसवून राहिलो." आणि पुन्हा रडायला लागले. मी उठलो, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यांच्याशेजारी पाटावर बसलो. माझेही डोळे वाहत होते, सांगायला लाज कसली.

पुष्कळ वेळानं त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं चेहरा पुसला. मोबाइल उचलला. तो काळ्या धनुष्याचा फोटो पुन्हा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"बोला सर," ते म्हणाले. "अजून काय काय खोट हाय ह्याच्यात? सावकाश सांगा."